टीमच्या कामाचे आलेख : कसे काढावेत, कसे वाचावेत



स्तंभालेख आपण मुलांना दरवर्षी शिकवतो. वर्गातल्या मुलांची आवडती फळं, गावातली वाहनं, आठवड्याचा पाऊस. मुलंही रंगवून छान काढतात. पण आपण शिक्षक मिळून जी कामं करतो, त्यांचा आलेख आपण कधी काढला आहे का? स्नेहसंमेलन, विद्यार्थ्यांची ऑनलाइन माहिती, शिष्यवृत्तीचे अर्ज, दाखले. या कामांबद्दल कोणी विचारलं, "कुठवर आलं?", तर आपलं उत्तर ठरलेलं असतं : "चालू आहे."

या "चालू आहे"मध्ये नेमकं काय लपतं, हे मला दोन वर्षांपूर्वी कळलं. त्यातून जे शिकले ते आज तुमच्यासमोर मांडते आहे. मोठमोठ्या कंपन्यांत यासाठी महागडी सॉफ्टवेअर असतात. आपल्याला मात्र एक आलेख कागद आणि चार रंगीत पेनं पुरतात.

आधी कामाचे टप्पे लिहून काढा

कुठलंही सामूहिक काम एका हातातून दुसऱ्या हातात जातं. त्याला कामाचा प्रवाह म्हणू या. आमच्या शाळेतले शिष्यवृत्तीचे अर्ज चार टप्प्यांतून जात होते.

१. पालकांकडून अर्ज आणि कागदपत्रं जमा करणे
२. वर्गशिक्षकांनी कागद तपासणे
३. अर्ज ऑनलाइन भरणे
४. मुख्याध्यापकांनी पाहून पुढे पाठवणे

अर्ज होते ४०. मुदत होती कामाचे २५ दिवस. टीम पाच जणांची. जमा करणं आणि तपासणं आम्हा तीन बाईंकडे, ऑनलाइन भरणं एका सरांकडे आणि शेवटचा टप्पा मुख्याध्यापक मॅडमकडे.

पंधराव्या दिवशी मीटिंग झाली. मॅडमनी विचारलं, "किती झाले?" १६ झाले होते. सगळ्यांच्या नजरा सरांकडे वळल्या. माझीसुद्धा. माझं टेबल स्वच्छ होतं ना! माझ्याकडचे सगळे अर्ज तपासून मी केव्हाच सरांच्या टेबलावर नेऊन ठेवले होते. कोणीतरी बोललंच, "सरांकडे जरा हळूच चाललंय." सर काही बोलले नाहीत.

त्या संध्याकाळी मी घरी हजेरीच्या वहीसारखे रकाने आखून आकडे मांडले. तो आलेख मी मुद्दाम सगळ्यांना दाखवायला काढला नव्हता. खरं सांगायचं तर सर किती मागे आहेत हे बघायला काढला होता.

पहिला आलेख : संचित प्रवाह आलेख

इंग्रजी नावाने याला क्युम्युलेटिव्ह फ्लो डायग्राम म्हणतात. नाव मोठं आहे, काढायला अगदी सोपा. आडव्या अक्षावर दिवस घ्या, उभ्या अक्षावर अर्जांची संख्या. प्रत्येक टप्प्यातून आतापर्यंत एकूण किती अर्ज पार पडले, ते बिंदू मांडा आणि जोडा. आपण वारंवारता सारणीत संचित वारंवारता काढतो, तसंच हे. म्हणून यातली कुठलीच रेषा खाली येत नाही. वर चढते किंवा आडवी जाते.

समजायला सोपं जावं म्हणून दर पाच दिवसांचे आकडे देते.

५ वा दिवस : जमा १६, तपासले १४, ऑनलाइन भरले ६, पुढे पाठवले ४
१० वा दिवस : जमा ३०, तपासले २८, भरले १२, पाठवले १०
१५ वा दिवस : जमा ३८, तपासले ३६, भरले १८, पाठवले १६

हे कागदावर काढून पाहा. चार रेषा दिसतील, आणि दोन रेषांच्या मध्ये पट्टा दिसेल. तो पट्टा म्हणजे त्या ठिकाणी पडून असलेलं काम. आता पट्ट्यांची उंची मोजा. जमा आणि तपासणी यांच्यात कायम २ अर्ज. भरणं आणि पाठवणं यांच्यात कायम २ अर्ज. पण तपासणी आणि भरणं यांच्यातला पट्टा ८, मग १६, मग १८. ओढ्यासारखं चाललेलं पाणी तिथे तुंबून तळं झालं होतं.

आलेख वाचताना एवढं लक्षात ठेवा :

– दोन रेषा समांतर वर चढत असतील, तर काम वाहतं आहे.
– दोन रेषांमधला पट्टा रुंद होत असेल, तर काम तिथे अडतं आहे.
– एखादी रेषा आडवी पडली, तर तो टप्पा बंद पडला आहे. का, ते त्याच दिवशी विचारा.

पण दुसरी एक गोष्ट मला दिसली आणि मी थबकले. सरांची रेषा एकदम सरळ होती. दर पाच दिवसांना ६, पुन्हा ६, पुन्हा ६. कामचुकार माणसाची रेषा अशी नसते. वेड्यावाकड्या उड्या मारणारी रेषा आमची होती. पहिल्या पाच दिवसांत आम्ही १४ अर्ज सरांकडे ढकलले, पुढच्या पाच दिवसांत आणखी १४. म्हणजे तळं सरांनी केलं नव्हतं. ते आम्ही भरत होतो.

एक भागाकार, जो सगळ्यांनी करावा

जॉन लिटल या अमेरिकन प्राध्यापकांनी १९६१ साली एका साध्या नियमाची गणिती सिद्धता दिली. त्याला लिटलचा नियम म्हणतात. बँकेची रांग असो, कारखाना असो की आपले अर्ज, काम बऱ्यापैकी एकसारखं चालू असेल तर :

सरासरी लागणारा वेळ = हातात असलेलं अर्धवट काम ÷ काम पूर्ण होण्याचा वेग

आमचं गणित असं होतं. जमा ३८, पूर्ण १६. म्हणजे अर्धवट २२. वेग पाच दिवसांना ६, म्हणजे दिवसाला १.२. २२ भागिले १.२ म्हणजे साधारण १८ दिवस. आज जमा झालेला अर्ज पुढे जायला १८ दिवस लागणार, आणि हातात उरले होते १०. त्याच वेगाने १० दिवसांत आणखी १२ अर्ज झाले असते. १६ आणि १२ मिळून २८. म्हणजे १२ मुलांचे अर्ज राहणार, हे पंधराव्या दिवशीच कागदावर दिसत होतं.

या भागाकारातून वेळ कमी करण्याचे दोन मार्ग दिसतात. एक, वेग वाढवा. दोन, अर्धवट काम कमी ठेवा. आपल्याला नेहमी पहिलाच मार्ग सुचतो : "जरा हात चालवा." दुसरा मार्ग फुकटचा आहे, तरी तो कोणाला सुचत नाही.

जपानमधल्या टोयोटा कंपनीत ताइची ओनो यांनी हाच दुसरा मार्ग धरला. अमेरिकन सुपरमार्केटमध्ये गिऱ्हाइकाने माल उचलला की तेवढाच माल फळीवर पुन्हा ठेवतात, या पद्धतीवरून त्यांनी कारखान्यात कार्डांची पद्धत बसवली. पुढच्या टप्प्याकडून कार्ड आलं तरच मागच्याने माल बनवायचा. हीच ती कानबान पद्धत. जपानीत कानबान म्हणजे पाटी, फलक. पुढे डेव्हिड अँडरसन यांनी ही कल्पना सॉफ्टवेअर बनवणाऱ्या टीममध्ये रुजवली. त्यांचं कानबानवरचं पुस्तक २०१० साली आलं. आज जिरासारख्या सॉफ्टवेअरमध्ये वर सांगितलेला प्रवाह आलेख आपोआप निघतो. पण स्वतःच्या हाताने काढला की तो जास्त समजतो, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

आलेख बघून आम्ही काय बदललं

दुसऱ्या दिवशी मी आलेख मॅडमना दाखवला आणि सरांना विचारलं, "सर, एक अर्ज भरायला नक्की काय काय लागतं?" पंधरा दिवसांत हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता. सरांनी सांगितलं. त्यांना दोन वर्ग सांभाळायचे होते. नेट फक्त सकाळी नीट चालायचं, आणि नेमकी तेव्हाच परिपाठाची आणि पहिल्या तासाची गडबड. शिवाय बरेच अर्ज अर्धे भरून अडायचे, कारण आधारवरचं नाव आणि शाळेच्या रजिस्टरमधलं नाव जुळायचं नाही. कुठे एक अक्षर, कुठे वडिलांचं नाव. हे जुळवून बघायचं काम तपासणीचं होतं. म्हणजे आमचं. मी कागद "आहेत का" एवढंच पाहिलं होतं, "जुळतात का" ते पाहिलं नव्हतं. म्हणून तर माझं टेबल लवकर रिकामं झालं होतं.

मग चार बदल केले.

१. सकाळचा पहिला तास सरांचे दोन्ही वर्ग आम्ही आळीपाळीने घेतले. त्या तासात सर फक्त अर्ज भरणार.
२. तपासणीत नावाचं अक्षर न् अक्षर जुळवायचं.
३. भरण्यासाठी थांबलेले अर्ज सहापेक्षा जास्त होऊ द्यायचे नाहीत. सहा झाले की नवीन तपासणी थांबवून आपण सरांना माहिती वाचून दाखवायला बसायचं. तेव्हा तिथे आधीच १८ अर्ज होते, म्हणून पहिले काही दिवस सगळ्यांनी फक्त तेच काम केलं.
४. प्रत्येक अर्जाच्या कोपऱ्यात तो आल्याची तारीख लिहायची आणि सगळ्यात जुना आधी घ्यायचा.

विसाव्या दिवशी २६ अर्ज गेले होते. पंचविसाव्या दिवशी ३९.

चाळिसावा अर्ज गेला नाही. तो तिसरीतल्या एका मुलीचा होता. तो पहिल्याच आठवड्यात आला होता. पण आम्ही तपासलेले नवे अर्ज गठ्ठ्यावर वरून ठेवत गेलो आणि सर वरचे उचलत गेले, त्यामुळे तो तळाशी राहिला. सतराव्या दिवशी तो हाती लागला तेव्हा कळलं की नाव जुळत नाही. दुरुस्तीला आई किंवा वडील हवेत. तोवर दोघंही ऊसतोडीला गेले होते. मुलगी आजीजवळ. पहिल्या आठवड्यात ही चूक सापडली असती, तर ते गावातच होते.

तो अर्ज मीच तपासला होता. आजी शाळेत आली तेव्हा मी तिला काय सांगणार होते, "आजी, काम चालू होतं"?

पडून राहिलेलं काम नुसतं पडून राहत नाही. त्याच्यातली चूक दडून राहते, आणि दुरुस्त करायची वेळ निघून जाते. म्हणून आलेख शेवटी काढू नका. पहिल्या आठवड्यात काढा.

दुसरा आलेख : एकेका कामाला लागलेले दिवस

पहिला आलेख काम कुठे अडतं ते सांगतो. दुसरा आलेख सांगतो की एखाद्या कामाला जास्त दिवस लागले, तर घाबरायचं की नाही.

पुढच्या वर्षी आम्ही पहिल्या दिवसापासून नोंद ठेवली. पहिल्या नऊ अर्जांना लागलेले दिवस क्रमाने असे : ४, ३, ६, ५, ९, ४, ५, ३, ५. आडव्या अक्षावर अर्ज क्रमांक, उभ्या अक्षावर दिवस. बिंदू मांडून जोडा. पाचव्या अर्जाला ९ दिवस लागलेले बघून आमच्यातल्या एका बाई म्हणाल्या, "हा बघा, इथे कोणीतरी घोळ घातला." खरंच घातला होता का?

१६ मे १९२४ रोजी वॉल्टर शूहार्ट यांनी आपल्या वरिष्ठांना एक छोटंसं टिपण दिलं. ते अमेरिकेत टेलिफोनची साधनं बनवणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत होते. त्या टिपणात एक आकृती होती. तोच पहिला नियंत्रण आलेख. शूहार्ट यांचं म्हणणं असं की प्रत्येक कामात थोडी चढउतार असतेच, ती त्या पद्धतीतूनच येते. तिला एकेक कारण शोधत बसू नका. चढउतार ठराविक मर्यादेबाहेर गेली, तरच खास कारण शोधा. पुढे १९४७-४८ मध्ये शूहार्ट भारतातही आले होते, भारतीय सांख्यिकी संस्थेच्या प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून.

ती मर्यादा आपणही काढू शकतो. पाचवी-सहावीचं गणित आहे.

पायरी १ : सरासरी काढा. बेरीज ४४, भागिले ९, म्हणजे सुमारे ४.९ दिवस.
पायरी २ : शेजारशेजारच्या दोन आकड्यांतला फरक काढा : १, ३, १, ४, ५, १, २, २. त्यांची बेरीज १९, भागिले ८, म्हणजे सुमारे २.४.
पायरी ३ : फरकाच्या सरासरीला २.६६ ने गुणा. सुमारे ६.३ येतात.
पायरी ४ : ते सरासरीत मिळवा. ४.९ अधिक ६.३, म्हणजे ११.२ दिवस. ही वरची मर्यादा.

९ दिवस या मर्यादेच्या आतच आहेत. म्हणजे तो अर्ज आमच्या पद्धतीतल्या नेहमीच्या चढउतारीचाच भाग होता. कोणाला बोल लावायचं कारण नव्हतं. १४ दिवस लागले असते, तर खास कारण शोधणं योग्य ठरलं असतं. इथे समजावून सांगण्यापुरते नऊच आकडे घेतले आहेत. प्रत्यक्षात वीसेक नोंदी झाल्यावर काढलेली मर्यादा जास्त भरवशाची असते.

आणखी एक खूण : सलग आठ बिंदू सरासरीच्या एकाच बाजूला आले, तर पद्धतीत काहीतरी बदललं आहे असं समजा. ते चांगलं असो की वाईट. तुम्ही केलेल्या बदलाचा खरंच उपयोग झाला का, हे यावरून कळतं. एका चांगल्या दिवसावरून कळत नाही.

वर्गात करून बघण्यासारखा खेळ

हे पटत नसेल, तर एडवर्ड्स डेमिंग यांचा लाल मण्यांचा प्रयोग करून बघा. शूहार्ट यांचे विचार जगभर नेणारे हे अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ. ते आपल्या शिबिरांत हा प्रयोग करून दाखवत. एका डब्यात ३२०० पांढरे आणि ८०० लाल मणी. सहा "कामगार". प्रत्येकाने ५० खळग्यांची फळी डब्यात बुडवून बाहेर काढायची. लाल मणी म्हणजे सदोष माल. मग डेमिंग कमी लाल मणी आणणाऱ्याचं कौतुक करायचे, जास्त आणणाऱ्याला रागवायचे. बघणारे हसायचे, कारण लाल मणी किती येणार ते कामगाराच्या हातात नव्हतंच. ते डब्यात होते.

गणित सांगतं की पाचात एक मणी लाल असेल तर ५० मण्यांत सरासरी १० लाल येतील. पण २ पासून १८ पर्यंत कितीही आले तरी ती नेहमीचीच चढउतार. एकाला ६ आणि दुसऱ्याला १५ आले, तरी दोघं सारखेच कामगार!

मी हा खेळ चौथीच्या वर्गात केला. मण्यांऐवजी चिंचोके घेतले आणि पाचातला एक लाल रंगवला. १५ लाल आलेल्या मुलाला मी खोटंखोटं रागावले. तो पटकन म्हणाला, "बाई, डब्यातच आहेत ना ते!" आमच्या पंधराव्या दिवसाच्या मीटिंगमध्ये एवढंच कोणीतरी म्हणायला हवं होतं.

काही पथ्यं

१. आलेखावर माणसांची नावं लिहू नका, टप्प्यांची लिहा. नावं आली की माणसं आकडे सांभाळायला लागतात. सोपे अर्ज आधी उचलतात, अवघड तळाला जातात. आलेख सुंदर दिसतो आणि मूल राहून जातं. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने एक नियम प्रसिद्ध आहे, त्याचा मतितार्थ हाच : मोजमाप हेच ध्येय झालं, की ते चांगलं मोजमाप राहत नाही.

२. "किती काम सुरू केलं" हे मोजू नका. "किती पूर्ण झालं" आणि "किती पडून आहे" हे मोजा. पहिल्या आठवड्यात १४ अर्ज तपासून मी खूप काम केलं असं मला वाटलं होतं.

३. सुरुवात आणि शेवट आधीच ठरवा. अर्ज "झाला" म्हणजे भरला, की पुढे गेला? प्रत्येकाची व्याख्या वेगळी असेल, तर आलेख खोटा निघतो.

४. रोज पाच मिनिटं पुरतात. शाळा सुटताना चार आकडे लिहा. आठवड्यातून एकदा सगळ्यांनी मिळून बघा. बघताना "कोणाचं राहिलं?" असं विचारू नका. "कुठे राहिलं, आणि तिथे कोणी हात द्यायचा?" असं विचारा.

५. एका वेळी थोडेच बदल करा. आम्ही घाईत चार बदल एकदम केले, त्यामुळे कशाचा उपयोग जास्त झाला ते आजही सांगता येत नाही. तुमच्याकडे वेळ असेल, तर एक बदल करा, आलेख बघा, मग दुसरा करा.

पालकांसाठीही एक शब्द. घरातल्या कामांचा असा आलेख जरूर काढा. सुट्टीतला अभ्यास, प्रकल्प, लग्नघरातली यादी, कशाचाही. मुलांना मजा येते आणि संचित बेरीज आपोआप समजते. फक्त मुलाच्या नावाचा आलेख काढून शेजारच्या मुलाशी ताडून बघू नका. एका चाचणीत पाच गुण कमी पडले, तर आधी ती नेहमीची चढउतार आहे का ते बघा. लाल मणी आठवा.

आमच्या स्टाफरूममध्ये आता एक आलेख कागद कायम चिकटवलेला असतो. यंदा तळाचा अर्ज सगळ्यात आधी भरला. त्या मुलीचा अर्ज पुढच्या वर्षी गेला, पण आधीचं वर्ष तिला परत मिळालं नाही. तुमच्या शाळेत असं एखादं काम आत्ता "चालू" असेल, तर उद्याच चार आकडे लिहून बघा. पट्टा कुठे रुंद होतोय ते दिसेल. आणि ज्याच्या टेबलावर गठ्ठा दिसेल, त्याच्याकडे बोट दाखवण्याआधी त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसा.